दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ? मोंढ्यातलं गणित वेगळं आहे

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये चीनने अमेरिकेकडून सोयाबीनचा एक दाणाही घेतला नाही. जवळपास सात वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. त्याच महिन्यात मराठवाड्यात उभं सोयाबीन पाण्याखाली होतं. ऑक्टोबरात जे हाती लागलं ते डागी, ओलं सोयाबीन लातूर, हिंगोली, परभणीच्या मोंढ्यांत आलं तेव्हा हमीभाव कागदावर क्विंटलला ५३२८ रुपये होता आणि सौदे त्याच्या बरेच खाली निघत होते. तेव्हापासून एक प्रश्न वारंवार कानावर येतो. अमेरिका आणि चीन एवढे भांडताहेत, चीनला तर सोयाबीन हवंच आहे, मग आपला भाव का हलत नाही? दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तो लाभ गेला कुठं?

लाभ झाला. ब्राझीलला झाला, आणि त्याची तयारी पन्नास वर्षांपूर्वी सुरू झाली होती. महासत्तांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो तो असा, भांडण पेटण्याआधी तयार असलेल्याचा. तयार नसलेल्या तिसऱ्याच्या वाट्याला भांडणाचं बिल येतं. थेट युद्ध टाळण्यासाठी या देशांनी आपापसात जी बंधनं घालून घेतली आहेत, ती सगळी त्या दोघांच्या सोयीची आहेत. तिसऱ्याला वाचवणारं त्यात काहीच नाही. मराठवाड्यातल्या सोयाबीन-कापसाच्या राजकारणाने ‘आपण कुणाच्या बाजूचे’ यावर घसा कोरडा करण्यापेक्षा ‘आपली तयारी किती’ हे विचारावं, एवढंच इथं म्हणायचं आहे.

आधी ही बंधनं कशी आली ते पाहू, कारण त्यातली हुशारी समजून घेण्यासारखी आहे.

कोरियाच्या युद्धात, म्हणजे १९५० ते ५३ मध्ये, सोव्हिएत वैमानिक मिग-१५ विमानांतून अमेरिकी वैमानिकांशी खरोखर लढत होते. विमानांवर खुणा चिनी आणि कोरियन होत्या, आणि रेडिओवर रशियन बोलायचं नाही असा हुकूम होता. जीव वाचवायच्या घाईत माणूस मातृभाषेतच ओरडतो, त्यामुळे तो हुकूम फार दिवस पाळला गेला नाही. अमेरिकेला सगळं ऐकू येत होतं, पण तिने ते जगाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर देशातून ‘मग रशियावर हल्ला करा’ अशी मागणी उठली असती आणि सरकारला ती टाळता आली नसती. दोन्ही बाजूंनी एकच खोटं सांभाळलं आणि तिसरं महायुद्ध टळलं. कोरियाची मात्र राखरांगोळी झाली.

१९६२ च्या ऑक्टोबरमध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून वेळ याहून जवळ आली. एकमेकांचे लांबलचक निरोप पोचून त्यांचा उलगडा व्हायला त्या वेळी कित्येक तास लागत. शेवटी ख्रुश्चेव्ह यांनी माघारीचा निर्णय मॉस्को रेडिओवरून वाचून दाखवायला लावला, कारण राजदूतांच्या वाटेपेक्षा रेडिओ लवकर पोचत होता. या अनुभवातून २० जून १९६३ ला हॉटलाइनचा करार झाला. सिनेमात दाखवतात तसा तो लाल टेलिफोन नव्हता. लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी असा समुद्राखालून आणि जमिनीवरून गेलेला तो टेलिप्रिंटर होता, आणि प्रत्येकाने आपापल्या भाषेत टाइप करून पाठवायचं असं ठरलं होतं. बोलण्यात आवाज चढतो, दुभाषा गोंधळतो. लिहिलेलं वाचायला आणि पुन्हा वाचायला वेळ मिळतो.

१९७२ च्या मे महिन्यात आणखी दोन करार झाले. एक नौदलांचा. समुद्रात जवळून जाताना समोरच्या जहाजावर तोफा रोखायच्या नाहीत, ठरलेल्या खुणांनी आपला इरादा कळवायचा आणि दरवर्षी बसून तक्रारींची उजळणी करायची. दुसरा अण्वस्त्रांचा. त्यात दोघांनी मान्य केलं की एकमेकांच्या टेहळणी उपग्रहांना हात लावायचा नाही. थोडक्यात, तू माझ्यावर नजर ठेव, मी तुझ्यावर ठेवतो, कारण दिसत असलं की भीती कमी वाटते. फेब्रुवारी १९८८ मध्ये काळ्या समुद्रात क्रायमियाजवळ सोव्हिएत युद्धनौकांनी दोन अमेरिकी जहाजांना चक्क धडका दिल्या. लोखंड वाकलं, पण गोळी एकही सुटली नाही.

ही बंधनं आता विरत चालली आहेत, हेही खरं. अमेरिका-रशियातला न्यू स्टार्ट हा तैनात अण्वस्त्रांना १५५० ची मर्यादा घालणारा शेवटचा करार होता. त्याची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ ला संपली. चीन आणि अमेरिकेत तर असे करार मुळातच थोडे आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी सभापती पेलोसी तैवानला जाऊन आल्या म्हणून चीनने लष्करी संवाद तोडला, आणि तो पुन्हा जोडायला नोव्हेंबर २०२३ उजाडावं लागलं. तरीही अण्वस्त्रांचा धाक कायम असल्यामुळे हे देश एकमेकांवर थेट बंदूक उचलत नाहीत. आपण तरी वेगळं काय करतो? भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. १९९२ पासून ते एकदाही चुकलेलं नाही.

बंदूक उचलायची नाही, पण जोर तर लावायचा आहे. मग तो जातो कुठं?

शीतयुद्धात तो तिसऱ्याच्या जमिनीवर गेला. कोरिया, व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. अंगोलाचा एक तपशील मात्र फारसा सांगितला जात नाही. तिथं अमेरिकेच्या पाठिंब्याचे बंडखोर ज्या सरकारशी लढत होते, त्या सरकारला पैसा मिळत होता अंगोलाच्याच काबिंडा प्रांतातल्या तेलातून. ते तेल काढत होती एक अमेरिकी कंपनी, आणि त्या तेलविहिरींच्या राखणीला क्युबाचे सैनिक होते. दोन्ही महासत्तांचे धंदे सुरळीत चालू होते आणि मरत होते अंगोलाचे लोक.

आज जोर जातो तो पुरवठ्याच्या अरुंद गळ्यांवर. प्रत्येक वस्तू हत्यार म्हणून चालत नाही, त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. माल मोजक्या हातांत असला पाहिजे, पर्याय उभा करायला वर्षं लागली पाहिजेत, आणि पुरवठा एका कागदाने बंद करून दुसऱ्या कागदाने सुरू करता आला पाहिजे. तिसरी अट सगळ्यांत महत्त्वाची. जे हत्यार मागे घेता येत नाही ते वापरायला हे देश घाबरतात, कारण मागे घेण्याच्या बदल्यातच तर सौदा होतो.

दुर्मिळ मृदा धातूंचे चुंबक या तिन्ही अटींत बसतात. शुद्धीकरण आणि चुंबकनिर्मितीचा सुमारे नव्वद टक्के वाटा चीनकडे आहे. ४ एप्रिल २०२५ ला त्याने डिस्प्रोसियम, टर्बियमसह सात धातूंवर निर्यात परवाना लागू केला. विजेच्या गाडीच्या मोटारीत निओडिमियमचा चुंबक असतो. मोटार तापली की नुसत्या निओडिमियमची ओढ कमी होते, ती टिकवायला थोडं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळतात. एका स्कूटरला लागणारं चुंबक काहीशे ग्रॅमचं असेल, पण ते नसेल तर सव्वा लाखाची गाडी कारखान्यातच उभी. माल हवा असेल तर इथल्या कंपनीने हमीपत्र द्यायचं की हे शस्त्रांत वापरणार नाही, ते आपल्या सरकारकडून आणि दिल्लीतल्या चिनी दूतावासाकडून प्रमाणित करून घ्यायचं, मग चीनमधल्या पुरवठादाराने परवान्याचा अर्ज करायचा आणि थांबायचं. जुलै २०२५ मध्ये बजाज ऑटोने जाहीर सांगितलं होतं की ऑगस्टमध्ये विजेच्या स्कूटरचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. तंटा अमेरिका आणि चीनचा, आयात शुल्काचा; चाकं थांबायची वेळ आली महाराष्ट्रात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याचे सुटे भाग बनवणारे कारखाने आणि बिडकीनमध्ये येऊ घातलेले विजेच्या गाड्यांचे प्रकल्प याच साखळीत बांधलेले आहेत. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षाला ६००० टन चुंबकांची क्षमता देशात उभारायला ७२८० कोटींची योजना मंजूर केली. योजना चांगली आहे, पण पंधरा वर्षं उशिरा आली आहे. २०१० मध्ये जपानशी बोटीवरून भांडण झाल्यावर चीनने हेच धातू अडवले होते. जपानने पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या खाणीत पैसा घातला. ती बातमी आपणही वाचली आणि पान उलटलं.

खताचा मार्ग याहून गुपचूप आहे. १५ ऑक्टोबर २०२१ पासून चीनने खतांच्या निर्यातीला कस्टम्सची तपासणी सक्तीची केली. यात बंदी कुठंच नाही, फक्त तपासणीची तारीख मिळत नाही. तपासणी नाही म्हणजे प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय जहाज सुटत नाही. तक्रार कुणाकडे आणि कशाची करणार, बंदीचा कागदच अस्तित्वात नाही. २०२३-२४ मध्ये चीनकडून आपल्याकडे वीस लाख टनांहून जास्त डीएपी, म्हणजे नत्र आणि स्फुरद देणारं खत, आलं होतं, पुढच्या वर्षी ते निम्म्याहूनही खाली गेलं. ठिबकमधून द्यायची १९:१९:१९, १२:६१:०, ०:५२:३४ ही विद्राव्य खतं तर सुमारे ऐंशी टक्के चीनमधूनच येत होती. जून २०२५ मध्ये ती अडली आणि जालन्याच्या मोसंबीवाल्यापासून द्राक्षवाल्यापर्यंत सगळ्यांना चढ्या भावाने घ्यावी लागली.

जूनच्या पहिल्या पावसानंतर कृषी सेवा केंद्रापुढे लागणारी रांग आणि त्यातलं ‘लिंकिंग’, म्हणजे डीएपीच्या पोत्याबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारणं, याचा उगम अर्धा तिकडे आहे आणि अर्धा आपल्या सवयीत. सोयाबीनला शिफारस आहे हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक. ५० किलोच्या डीएपीच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. तेवढंच स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन पोत्यांत मिळतं (२४ किलो), वर सोळा किलोंच्या आसपास गंधक मिळतं, आणि नत्रासाठी वीस किलो युरिया पुरतो. तेलबियांना गंधक लागतंच, ते डीएपीत नसतं. मग शेतकरी डीएपीच का मागतो? एका पोत्याऐवजी तीन पोती वाहायची, पेरणीयंत्राच्या पेटीत जास्त खत, मजुरी जास्त, आणि सुपर फॉस्फेटमध्ये भेसळीची भीती. ही कारणं खरी आहेत. म्हणून ‘पर्याय वापरा’ असं पत्रक छापून भागत नाही. गावपातळीवर नमुना तपासणी आणि मे महिन्याच्या आत पोच, या दोन गोष्टी झाल्या तरच पर्याय हा पर्याय ठरतो. अर्थात सुपर फॉस्फेटचा रॉक फॉस्फेटही बहुतांश परदेशातूनच येतो. पण तो कच्च्या दगडासारखा माल, साठवायला सोपा आणि देणारे देश वेगळे.

आता सोयाबीन. महासत्तांच्या बिनबंदुकीच्या लढाईचा पन्नास वर्षांचा इतिहास या एका दाण्यात सापडतो.

१९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेत पशुखाद्य महागलं. पेरूच्या किनाऱ्यावरची मासळी बेपत्ता झाली होती, त्यामुळे मासळीच्या पेंडीची जागा सोयापेंडीने घेतली आणि भाव भडकले. निक्सन सरकारने सोयाबीनची निर्यात थांबवली. बंदी काही दिवसांतच परवान्यांत बदलली आणि शरद ऋतूपर्यंत सगळं पूर्ववत झालं. पण तोफू आणि मिसोवर जगणाऱ्या जपानचं जवळपास सगळं सोयाबीन अमेरिकेतून येत होतं. जपान शत्रू नव्हता, तो अमेरिकेच्या छत्रीखालचा पक्का मित्र होता. ‘एकदा बाजू निवडली की निर्धास्त’ असं सांगणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावं.

जपानचे पंतप्रधान तानाका १९७४ मध्ये ब्राझीलला गेले. १९७९ पासून जपानी पैशावर सेराडो या माळरानात शेती उभी राहू लागली. तिथली माती आम्लधर्मी, अॅल्युमिनियमने विषारी झालेली, स्फुरद नसलेली. हेक्टरी काही टन चुना टाकून ती सुधारली. ब्राझीलच्या एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेने दिवस लहान असलेल्या उष्ण प्रदेशात वेळेआधी फुलावर न येणारे वाण काढले आणि बियाण्याला चोळायचं नत्र स्थिर करणारं जिवाणू संवर्धक घरोघरी नेलं. आज ब्राझील वर्षाला सतरा कोटी टनांच्या आसपास सोयाबीन काढतो.

अमेरिकेने तेवढ्यावर धडा घेतला नाही. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या म्हणून ४ जानेवारी १९८० ला कार्टर यांनी रशियाला जाणारं १ कोटी ७० लाख टन धान्य रोखलं. रशियाने ते अर्जेंटिना आणि इतरांकडून घेतलं. अमेरिकी शेतकऱ्याचा भाव पडला, आणि रेगन यांनी एप्रिल १९८१ मध्ये बंदी उठवली. फौजा अफगाणिस्तानातच राहिल्या, आणखी आठ वर्षं.

मग २०१८. या वेळी हत्यार खरेदीदाराच्या हातात होतं. अमेरिकेच्या आयात शुल्काला उत्तर म्हणून चीनने ६ जुलैला अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं. अमेरिकेची चीनला होणारी सोयाबीन निर्यात २०१७ मध्ये १२ अब्ज डॉलरच्या वर होती, २०१८ मध्ये ती ३ अब्जांवर आली. जगाचा सोयाबीनचा भाव जिथं ठरतो त्या शिकागोच्या वायदे बाजारातला भाव दहा वर्षांच्या नीचांकाला गेला. पण अमेरिकी सरकारने आपल्या शेतकऱ्यांसाठी आधी १२ अब्ज आणि पुढच्या वर्षी १६ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. हा आकडा विसरू नका, कारण शिकागोचा पडलेला भाव पेंडीच्या आणि तेलाच्या बाजारातून जगभर फिरतो. ज्या देशाने भांडण काढलं त्याने आपल्या शेतकऱ्याला भरपाई दिली. भांडणाशी संबंध नसलेल्या शेतकऱ्याला भरपाई कुणी द्यायची, याचं उत्तर कुठल्याच करारात नाही. २०२५ मध्ये तेच नाटक पुन्हा झालं. एप्रिलमध्ये दोघांचं शुल्क १४५ आणि १२५ टक्क्यांवर, मेमध्ये जिनिव्हात तह, आणि ३० ऑक्टोबरला बुसानमध्ये ट्रम्प-शी भेट. त्यानंतर अमेरिकेने जाहीर केलं की चीन वर्षअखेरपर्यंत १ कोटी २० लाख टन आणि पुढची तीन वर्षं दरवर्षी अडीच कोटी टन घेईल. म्हणजे आपल्या मोंढ्यात आवक शिगेला होती, तेव्हा तिकडे समेटही झाला होता.

तरी त्या मधल्या महिन्यांत आपला माल चीनला का गेला नाही? पहिलं कारण आकार. चीन वर्षाला दहा कोटी टनांच्या वर आयात करतो. आपलं सगळ्या देशाचं पीक सव्वा कोटी टनांच्या आसपास, आणि ते इथल्याच तेल गाळणाऱ्या प्लांटना पुरत नाही. दुसरं कारण उत्पादकता. आपण हेक्टरी एक टन काढतो, ब्राझील आणि अमेरिका तीन टनांच्या वर. आपल्या दाण्याचा खर्चच त्यांच्या विक्रीच्या भावाच्या आसपास येतो. जनुकबदल न केलेला दाणा ही आपली जमेची बाजू आहे आणि युरोपात तिला गिऱ्हाईक आहे, पण ते गिऱ्हाईक मोजकं आहे.

तिसरं कारण भाव ठरतो कसा यात आहे. १०० किलो सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोंच्या आसपास पेंड, म्हणजे डीओसी, निघते. तेलाचा भाव ठरतो आयात तेलावर, कारण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पेंडीचा भाव ठरतो इथल्या कोंबडीखाद्याच्या मागणीवर आणि निर्यातीवर. मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढू लागल्यापासून त्याचा चोथा स्वस्त खाद्य म्हणून बाजारात आला आणि डीओसीची मागणी खाल्ली. ही मार पूर्णपणे घरची आहे, बीजिंगचा तिच्याशी संबंध नाही. आपल्या भावाला सगळं जागतिक राजकारणच कारणीभूत, असं म्हणणाऱ्या पुढाऱ्यांना हा चोथा सोयीस्करपणे दिसत नाही.

तेलाच्या बाजूने आणखी वाईट. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. निवडणूक तोंडावर होती हे सोडून देऊ, निर्णय बरोबर होता. ३० मे २०२५ ला, पेरणीच्या तोंडावर, ते १० टक्क्यांवर आणलं. शहरातल्या ग्राहकाला महागाई सोसत नाही हा युक्तिवाद खोटा नाही. तेल महागलं की मराठवाड्यातल्या मजुराच्या घरातही फोडणी महागते. पण नऊ महिन्यांत दोनदा दिशा बदलणाऱ्या धोरणावर कुणी काय पेरायचं ते ठरवू शकत नाही. भर म्हणजे २० डिसेंबर २०२१ पासून सेबी या बाजार नियामकाने सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे आधीच ठरणारे सौदे, बंद केले आणि ती बंदी पुन्हा पुन्हा वाढवली. सट्टेबाजी होत होती हे मान्य. पण वायदा बंद झाल्यावर पुढच्या भावाचा अंदाज शिकागोतल्या व्यापाऱ्याला राहिला, लातूरच्या आडत्याला राहिला नाही.

कापसाची गोष्ट थोडक्यात, कारण तिची वाट सरळ आहे. अमेरिकेला रशियावर दबाव आणायचा होता. रशियाशी लढायचं नाही, म्हणून रशियाचं तेल घेणाऱ्यावर, आपल्यावर, २७ ऑगस्ट २०२५ पासून जादा २५ टक्के शुल्क लावून एकूण ५० टक्के केलं. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कपड्यांची अमेरिकेतली गिऱ्हाइकी अडचणीत आली. कापडवाल्यांना दिलासा म्हणून सरकारने १९ ऑगस्टपासूनच कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं होतं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. मराठवाड्यातली पहिली वेचणी दसरा-दिवाळीची. ३५६ किलो रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) एका खंडीला साधारण दहा क्विंटल कापूस लागतो. परदेशी रुईची खंडी पन्नास हजारांना पडते असं धरलं तर ११ टक्के म्हणजे साडेपाच हजार, अर्थात क्विंटलभर कापसामागे साडेपाचशे. एवढं संरक्षण ऐन आवकेच्या काळात निघून गेलं. ८११० रुपये हमीभाव होता, पण सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर आठ टक्क्यांच्या पुढच्या ओलाव्याला कपात आणि बारा टक्क्यांच्या पुढे माल परत. त्या वर्षीच्या पावसात बारा टक्क्यांच्या आत कापूस आणणं सोपं नव्हतं. वॉशिंग्टन आणि मॉस्कोचं भांडण तिरुपूरमार्गे परभणीच्या जिनिंगवर उतरलं ते असं, आणि वाटेत प्रत्येकाने आपला भार पुढच्यावर ढकलला. शेवटच्याला पुढे ढकलायला कुणी नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, खऱ्या युद्धापेक्षा हे बरं. निःसंशय बरं. शुल्काने गावं बेचिराख होत नाहीत. पण महासत्तांनी युद्ध टाळण्याची किंमत त्यांच्यातच वाटून घेतली असती तर हा युक्तिवाद पुरा झाला असता. दुसरा आक्षेप असा की सगळंच देशात बनवणं परवडत नाही. हाही बरोबर. रॉक फॉस्फेट जमिनीत नसेल तर घोषणेने तयार होत नाही. सगळं बनवण्याचा हट्ट नको. चार-सहा महिने दम काढता येईल एवढा साठा हवा, एकाऐवजी तीन देशांशी करार हवेत आणि निर्णयांना पूर्वसूचना हवी. १९७३, १९८०, २०१०, या तिन्ही वेळी हत्यार काही वर्षांत बोथट झालं, कारण अडवलेल्याने दुसरी वाट शोधली. प्रश्न फक्त मधल्या काळाचा असतो, आणि साठा त्याच काळासाठी लागतो.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. खरिपाला लागणाऱ्या स्फुरदाचा ठरलेला हिस्सा एप्रिलअखेर जिल्ह्याच्या गोदामात आहे की नाही, हे जिल्हाधिकाऱ्यांनी आकड्यानिशी जाहीर करावं. तेल आणि कापसावरचं शुल्क ऑक्टोबर ते जानेवारी कमी करायचं नाही, आणि करावंच लागलं तर हमीभावातला फरक त्याच आदेशात देण्याची तरतूद असावी. अमेरिकेने २०१८ मध्ये जे केलं त्याचंच हे छोटं रूप आहे. सोयाबीनचं संशोधन परभणीच्या विद्यापीठात वर्षानुवर्षं चालू आहे. तिथल्या वाणांचं बियाणं पुरेशा क्विंटलांत का वाढवलं जात नाही, हा प्रश्न विधिमंडळात विचारण्यासारखा आहे. एक टनावरून दीड टनावर गेलो तरी चीन आपला माल घेणार नाही, पण निदान आयात तेलाशी झुंजता येईल.

शेतकऱ्याच्या हातात आज जे आहे ते शेतमाल तारण कर्ज, म्हणजे माल गोदामात ठेवून त्यावर मिळणारं कर्ज. पणन मंडळाच्या योजनेत सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. माल १२ टक्क्यांच्या आत वाळलेला हवा. ओला ठेवला तर थप्पी आतून तापते, बुरशी धरते, तेलातलं आम्ल वाढतं आणि प्लांटवाला भाव कापतो. सगळ्याच बाजार समित्यांकडे गोदाम नाही, आणि जिथं आहे तिथं आडत्यांचाच माल आधी लागलेला असतो. ऑक्टोबरअखेर ठेवलेल्या मालाची मुदत एप्रिलअखेर संपते. २०२५ मध्ये तेलाचं शुल्क उतरलं ते मेअखेर, तोपर्यंत तारण ठेवणाऱ्याने माल सोडवून विकला असेल तर तो वाचला. ज्याने भाव वाढेल म्हणून आणखी महिनाभर घरात ठेवला, त्याला त्या शुल्ककपातीची कसलीही पूर्वसूचना नव्हती.